सांगितले तेवढेच बोल : यंत्रमानवाच्या तोंडची टाळीची वाक्ये

मारधाडीच्या सिनेमातील यंत्रमानवाच्या तोंडी चटकदार, टाळीची वाक्ये शोभतात काय, या विषयावर मी लिहिणार आहे असे सांगताच एका कार्यकर्त्या मित्राने मला झाडले. गायरानाच्या केसेस पडून आहेत, शिष्यवृत्तीसाठी पोरे खेटे घालताहेत, आणि तुला रोबो सुचतो, असे तो म्हणाला. त्याचा राग मला समजतो. परंतु मी ज्या वर्गात शिकवतो तेथे बहुसंख्य मुलांच्या तोंडी केशवसुत नाहीत, आणि खरे सांगायचे तर बाबूराव बागूल आणि नामदेव ढसाळही नाहीत. त्यांच्या तोंडी सिनेमातले 'डायलॉग' आहेत. तासाला उशिरा आलेला मुलगा दारात डायलॉग मारतो, नापास झालेला डायलॉग मारतो, मोर्चातून परतलेला सुद्धा तेच करतो. जे आपल्या मुलांच्या जिभेवर बसले आहे त्याची चिकित्सा आपण करायची नाही, तर ती कोणी करायची?

हा वाद नेहमी दोन बाजूंनी घातला जातो. एक बाजू म्हणते, यंत्राला भावना नाही, विनोदबुद्धी नाही. मग शत्रूला लोळवून त्यावर मिश्किल शेरा मारणारे यंत्र हे यंत्र राहिले कोठे? ते व्यक्तिरेखेचे नसून नटाचे वाक्य झाले. दुसरी बाजू म्हणते, सिनेमा करमणुकीसाठी असतो, त्या एका वाक्यामुळेच लोखंडाचा ठोकळा प्रेक्षकाला आपला वाटतो. दोन्ही बाजूंचे म्हणणे मला अपुरे वाटते. यंत्राला विनोद येतो की नाही, हा पुढचा प्रश्न झाला. त्याच्या तोंडी आलेले शब्द कोणाचे आहेत, हे आधी पाहिले पाहिजे.

'रोबो' हा शब्दच त्यासाठी तपासून पाहण्यासारखा आहे. कारेल चापेक या चेक लेखकाचे 'आर. यू. आर.' हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि १९२१ साली प्राग येथे रंगभूमीवर आले. कारखान्यात तयार झालेल्या कृत्रिम कामगारांना काय नाव द्यावे हे चापेकला सुचत नव्हते. त्याचा चित्रकार भाऊ योसेफ याने 'रोबोट' हा शब्द सुचवला. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठ. कुळांनी जमीनदाराच्या शेतावर ठरलेले दिवस फुकट राबायचे, अशी ती पद्धत. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात ती १८४८ साली रद्द झाली. म्हणजे ज्याला आपण भविष्यकाळातील अद्भुत प्राणी समजतो, त्याच्या नावातच गावगाड्याचा भूतकाळ आहे. रोबो म्हणजे वेठबिगार. मराठीत 'यंत्रमानव' असा शब्द केला गेला आणि त्यातली वेठ गळून पडली. हे मुद्दाम झाले असे मी म्हणत नाही. पण ज्यांनी हा शब्द घडवला त्यांच्या घरात कोणी वेठ केली नव्हती, एवढे नक्की वाटते.

आता वेठबिगाराने काय बोलावे याचे नियम आपल्याला कोणी शिकवायला नकोत.

माझा आजा धामणगाव बढे येथे कोतवाल होता. मोताळा तालुक्यातले हे गाव. १९५६ नंतर आमच्या वस्तीने मेलेली जनावरे ओढणे सोडले, पण कोतवालकी ही सरकारी चाकरी म्हणून घरात राहिली. दवंडी द्यायची तर डफडे गळ्यात घ्यावे लागे. बौद्ध झालेल्या माणसाने डफडे वाजवावे काय, यावर वस्तीत मोठा वाद झाल्याचे माझे वडील सांगत. आज्याने डफडे ठेवले. घरात खाणारी तोंडे सात होती.

दवंडी म्हणजे काय हे आता विद्यार्थ्यांना समजावून सांगावे लागते. वाक्य चावडीवर ठरे. ते घेऊन कोतवालाने गल्लोगल्ली फिरायचे, डफड्यावर चार टिपऱ्या मारायच्या आणि ठरलेले शब्द ठरलेल्या चालीत म्हणायचे. शब्द मालकाचे, तोंड आमचे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याचे काम निघाले. 'ऐका हो ऐका, उद्या सकाळपासून सडकेचं काम सुरू होनार हाय, ज्याले यायचं असन त्यानं नाव लिहून द्याव होऽ' असा मजकूर आज्याकडे आला. पहिल्या दोन गल्ल्यांत त्याने तो तसाच दिला. तिसऱ्या गल्लीत, म्हणजे आमच्या वस्तीत शिरल्यावर, त्याने त्यापुढे आपल्या पदरचे तीन शब्द जोडले : 'मजुरी मोजून घ्या होऽ!' लोक हसले. आधीच्या कामावर मापात आणि पैशात काय झाले होते हे सगळ्यांनाच ठाऊक होते. संध्याकाळपर्यंत गोष्ट वर गेली. आज्याला बोलावून घेतले आणि सांगितले, 'तुले सांगतलं तेवढंच बोलत जा.' डफडे काढून घेतले. दोनतीन महिने दवंडी दुसऱ्याने दिली.

चावडीचे ते लांबलचक वाक्य दुसऱ्या दिवशी कोणाला आठवत नव्हते. आज्याचे वाक्य वस्तीत चाळीस वर्षे राहिले. कोणी कापूस घेऊन निघाला की म्हणायचे, मोजून घ्या हो. नवरदेवाकडची मंडळी लाडू वाढू लागली की कोणीतरी मागून ओरडायचे, मोजून घ्या हो. टाळीचे वाक्य म्हणतात ते यालाच. ते आखूड असते, एकाच तोंडातून निघालेले असते आणि मग सगळ्यांचे होते.

येथे एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे. मी माझ्या आज्याची यंत्राशी तुलना करीत नाही. माणसाला यंत्र समजणे, त्याला फक्त हात आणि पाठ आहे, बुद्धी नाही असे मानणे, हेच तर हजारो वर्षे झाले. माझे म्हणणे उलट दिशेने जाते. सिनेमावाले जेव्हा यंत्रमानव रंगवतात तेव्हा त्यांच्यासमोर यंत्राचा नमुना नसतो, नोकराचा असतो. आज्ञाधारक, न थकणारा, पगार न मागणारा, सांगितलेले शब्दशः करणारा. मराठीत त्याला 'सांगकाम्या' हा नेमका शब्द आहे. म्हणून यंत्रमानवाला सिनेमा कोठे बोलू देतो आणि कोठे गप्प करतो हे पाहिले, की त्या समाजाला बोलणारा नोकर कितपत सोसतो हे कळते.

जेम्स कॅमेरॉनचा 'टर्मिनेटर' १९८४ साली आला. अर्नोल्ड श्वार्झनेगरने त्यात केलेले यंत्र फार थोडे बोलते. पोलीस ठाण्यात ते एका बाईला भेटू मागते, खिडकीमागचा पोलीस त्याला बसून राहायला सांगतो. यंत्र खोलीभर नजर फिरवते आणि म्हणते, मी परत येईन. मग मोटार घेऊन भिंत फोडून आत येते. (हे वाक्य २०१९ नंतर महाराष्ट्रात उच्चारले की लोकांना वेगळेच कोणीतरी आठवते, त्याला माझा इलाज नाही.) आता या वाक्यात विनोद कोठे आहे? वाक्यात नाहीच. ती निव्वळ सूचना आहे. डाकघरातला शिपाईही दिवसातून दहादा तसे म्हणेल. विनोद प्रेक्षकाच्या डोक्यात होतो, कारण हे यंत्र काय करू शकते हे त्याला ठाऊक असते आणि खिडकीतल्या पोलिसाला नसते. यंत्राने थट्टा केली नाही आणि तरी थट्टा झाली. या वाक्याबद्दल नटाची आणि दिग्दर्शकाची चकमक झाली होती, हे श्वार्झनेगरने पुढे स्वतःच सांगितले आहे. इंग्रजीत ते वाक्य बोलीत आखडून म्हणायचे की शब्द सुटे करून म्हणायचे, असा प्रश्न होता. यंत्र शब्द आखडणार नाही, असे नटाचे म्हणणे. कॅमेरॉनने ऐकले नाही. नटाचा मुद्दा मला तर्काला धरून वाटतो, पण वाक्य टिकले ते दिग्दर्शकाच्या हट्टाने. यंत्राच्या तोंडी ते इतके घरगुती होते म्हणूनच अंगावर आले.

१९९१ च्या दुसऱ्या भागात हेच यंत्र मुलाचे रक्षण करायला येते. मुलगा त्याला रस्त्यावरची भाषा शिकवतो. असे बोलू नकोस, असे बोल, म्हणतो. त्यातून 'हास्ता ला व्हिस्ता, बेबी' हे जगभर गेलेले वाक्य आले. येथे मी थोडा घोटाळतो. एका परीने हे दृश्य गोड आहे; बाप नसलेले पोर लोखंडी माणसाला आपले मित्र करून घेते. दुसऱ्या परीने पाहिले तर मालकाचा मुलगा गड्याला आपले शब्द पढवतो आहे आणि गडी ते योग्य वेळी म्हणून दाखवतो तेव्हा आपण टाळी देतो. कोणाचे डोळे भरून येतील असे याच सिनेमाचे शेवटचे बोलणे आहे : माणसे का रडतात हे आता मला समजते, पण मला ते कधी जमणार नाही, अशा अर्थाचे. ते त्याला कोणी पढवलेले नव्हते. दोन्ही वाक्ये एकाच तोंडातली असून जगाने पाठ केले ते पढवलेले, ही गोष्ट मला बोलकी वाटते. २००३ च्या तिसऱ्या भागात तर यंत्राला नुसती पढवलेली वाक्येच उरली. काळा चष्मा घालून ते उसने शेरे मारते आणि आपण जुन्या ओळखीला हसतो. त्यावर जास्त लिहिण्यात अर्थ नाही.

या सगळ्यांत मला महत्त्वाचा वाटतो तो पॉल व्हरहोवनचा १९८७ चा 'रोबोकॉप'. मर्फी नावाचा पोलीस शिपाई गुंडांच्या गोळ्यांनी चाळणी होतो. एक कंपनी त्याच्या उरल्यासुरल्या देहावर लोखंड चढवून त्याला आपला माल करते. त्याचे नाव पुसते, आठवण पुसते. पुढे पेट्रोलपंपावर एका गुंडाला पकडताना हे यंत्र म्हणते : जिवंत किंवा मेलेला, तू माझ्याबरोबर येणार. गुंड हादरतो. कारण मरण्यापूर्वी मर्फीने त्याला हेच शब्द ऐकवले होते. कंपनीने सगळे काढून घेतले, वाक्य तेवढे काढायचे राहिले. येथे टाळीचे वाक्य हा दागिना नसून ती आठवण आहे; माणूस पुसला गेला त्या जागेची खूण आहे. आणि शेवटी कंपनीचा वृद्ध मालक खुशीत येऊन त्याला नाव विचारतो, तेव्हा तो एकच शब्द उच्चारतो : मर्फी. ज्यांच्या पूर्वजांना गावाने नावाच्या ऐवजी जातीने हाक मारली त्यांना या एका शब्दाची किंमत समजावून द्यावी लागत नाही.

कोणी म्हणेल, हे सारे अमेरिकेचे झाले; आपल्याकडे नोकराच्या तोंडी थट्टा नाही काय? आहे, आणि भरपूर आहे. तमाशाचा सोंगाड्या वगातल्या राजाची भर दरबारात फजिती करतो. हा सोंगाड्या बहुतेक महार-मांगांच्या घरातला. त्याची हजरजबाबी ही मराठी रंगभूमीची खरी मिळकत आहे. १९६५ मध्ये आलेल्या 'विच्छा माझी पुरी करा' मधून दादा कोंडके यांनी ती शहरात नेली आणि १९७१ च्या सिनेमाला तर 'सोंगाड्या' हेच नाव दिले. परंतु रात्री बोर्डावर राजाला हसणारा खरा सोंगाड्या सकाळी गावच्या पाणवठ्यावर जाऊ शकत नव्हता. त्याच्या थट्टेला परवाना होता, आणि परवाना देणारा तो काढूनही घेऊ शकत होता. आंबेडकरी जलशांनी याच सोंगाड्याला वेगळे बोलायला लावले. भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यातली परवान्याची थट्टा टाकून जागृतीचा सवाल-जबाब आणला. मला वाटते, यंत्रमानवाच्या चटकदार वाक्यांकडे पाहताना हा फरक हाती असला पाहिजे. परवाना घेऊन केलेली थट्टा एका जातीची असते, डफडे काढून घ्यावे लागते अशी थट्टा दुसऱ्या जातीची.

आता मी माझ्या मूळ विषयाकडे येतो. तो म्हणजे 'एंदिरन', हिंदीत 'रोबोट'. शंकर या दिग्दर्शकाचा हा तमिळ सिनेमा २०१० साली आला. मी तेव्हा पदवीच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि मलकापूरला जाऊन तो पाहिला होता. त्यातला नट रजनीकांत हा घरच्या भाषेने आपल्यातला. मूळ नाव शिवाजीराव गायकवाड, जन्म १९५० साली बंगळूरच्या मराठी घरात, वडील पोलीस शिपाई. स्वतः तेथेच बसवर कंडक्टर होता. तमिळ ही त्याने नंतर शिकलेली भाषा. आणि याच शिकलेल्या भाषेत तो टाळीच्या वाक्यांचा बादशहा झाला. १९९५ च्या 'बाशा' मधील रिक्षावाला म्हणतो, मी एकदा सांगितले म्हणजे शंभरदा सांगितल्यासारखे. हे वाक्य पाठ नसलेला तमिळ माणूस विरळा. मला यात एक जवळीक वाटते. मीही प्रमाण मराठी शिकूनच बोलतो. महाविद्यालयात पहिल्या वर्षी मी 'मले' म्हणालो आणि वर्ग हसला, त्यानंतर सहा महिने मी प्रत्येक वाक्य मनात जुळवून मगच बोलत असे. पढवलेल्या भाषेत बोलणारा माणूस कसा दिसतो हे मला आतून ठाऊक आहे.

अशा नटाला शंकरने यंत्र केले. चिट्टी हा यंत्रमानव भेटेल त्याला आपला वेग आणि आपली स्मृती यांचे आकडे सांगून ओळख करून देतो. बाजारातल्या मालावर चिकटवलेली ही चिठ्ठी आहे, आणि म्हणून ते वाक्य त्याला शोभते. एका प्रदर्शनात त्याला विचारतात, देव आहे काय? तो विचारतो, देव म्हणजे कोण? आपल्याला निर्माण करणारा. मग मला वसीगरन यांनी निर्माण केले, अर्थात देव आहे. सभागृह खूश होते. मीही तेव्हा हसलो होतो. आज ते दृश्य पाहताना हसू येत नाही. कोणी कोणाच्या पायापासून जन्मला हे ठरवून देणारी पोथी याच तर्कावर उभी आहे : ज्याने घडवले तो देव, आणि घडलेल्याने त्यावर प्रश्न विचारायचा नाही.

पुढची हकिकत नीट पाहावी. तपासणीत दुसरा शास्त्रज्ञ चिट्टीला हुकूम देतो, तुझ्या कर्त्याला भोसक. आणि चिट्टी सुरा उचलतो. म्हणून तो नापास. तो ऐकतो एवढाच त्याचा दोष. मग वसीगरन त्याला भावना देतो. भावना आल्यावर चिट्टी प्रेमात पडतो आणि लष्करी अधिकाऱ्यांपुढे शस्त्रांचे सोडून प्रेमाचे बोलू लागतो. म्हणून कर्ताच कुऱ्हाडीने त्याचे तुकडे करून कचऱ्यात फेकतो. ऐकले तरी गुन्हा, न ऐकले तरी गुन्हा. गावगाड्यात आपण वेगळे काय पाहिले?

आणि याच ठिकाणी सिनेमा आपला खरा रंग दाखवतो. कचऱ्यातून उचललेल्या चिट्टीत लाल चिप बसते, तो दुष्ट होतो, आणि तेव्हा कोठे त्याला विनोद येतो! यंत्रांच्या रांगेत लपलेल्या वसीगरनला हुडकताना तो 'काळी मेंढी' म्हणत बेंबाटतो, ते दृश्य तर पोरांनी डोक्यावर घेतले. नाचणे, खिजवणे, नजर रोखून बोलणे, रजनीकांतचे म्हणून जे जे लोकांना हवे ते सारे लाल चिपनंतर मिळते. चांगला होता तेव्हा सरळ, आज्ञाधारक, आकडे सांगणारा. तोंड फुटले तो माजला म्हणून. टाळी देणाऱ्या आमच्या पोरांना कळत नकळत खलनायक आवडतो, कारण त्याच्याच तोंडी जिवंत भाषा आहे. यात दोष पोरांचा नाही. मात्र जिवंत भाषा आणि दुष्टपणा यांची गाठ कोणी मारली, हे आपण त्यांना दाखवून दिले पाहिजे. २०१८ च्या '२.०' या पुढच्या भागात तीच करामत पुन्हा झाली, पहिल्यापेक्षा महाग आणि पहिल्यापेक्षा पोकळ.

तरीही 'एंदिरन' मी टाकून देत नाही, त्याच्या शेवटामुळे. न्यायालय चिट्टीला मोडीत काढण्याचा हुकूम देते. तो स्वतःच्या हातांनी आपला एकेक भाग सुटा करतो. मग काळ पुढे जातो, २०३० साल. वस्तुसंग्रहालयात चिट्टीचे सुटे भाग मांडलेले आहेत आणि सहलीला आलेली एक शाळकरी मुलगी विचारते, याला का खोलले? उत्तर चिट्टीच देतो : मी विचार करू लागलो होतो.

एवढेच. ना त्यात ऐट, ना यमक, ना मनगट झटकणे. रजनीकांतच्या सगळ्या टाळीच्या वाक्यांत हे सर्वांत आखूड वाक्यांपैकी एक, आणि माझ्या मते सर्वांत मोठे. यंत्राला टाळीचे वाक्य शोभते काय, या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडते. नायकाची ऐट यंत्रावर पांघरली तर ती शोभत नाही, मालकाने पढवलेला शेरा शोभत नाही. ज्या वाक्याबद्दल त्याला खोलून ठेवावे लागते ते शोभते.

हा सिनेमा नंतर टीव्हीवर वारंवार लागे. आजा तेव्हा ऐंशीच्या घरात होता, नजर कमी झालेली, बाजेवर बसून ऐकायचा जास्त आणि पाहायचा कमी. त्या शेवटाला त्याने मला विचारले, 'काय म्हन्ला तो?' मी सांगितले. 'अन् त्याच्यासाठी खोलला त्याले?' मी हो म्हणालो. थोडा वेळ गप्प राहून तो म्हणाला, 'माहं तं नुसतं डफडंच नेलं होतं.' मग त्याला पाणी हवे होते.

याच नटाच्या तोंडी हे वाक्य पुढे आणखी एका रूपात आले, त्याची नोंद केली पाहिजे. पा. रंजित यांच्या २०१६ च्या 'कबाली' मध्ये तो आपल्या शत्रूंना सुनावतो, की जुन्या सिनेमात कबाली नावाचा हुजऱ्या मालकाने हाक मारली की कमरेत वाकून 'होय मालक' म्हणत धावत यायचा, तो कबाली मला समजलात काय? आणि मग नुसते आपले नाव उच्चारतो. हे वाक्य खरोखर त्या सगळ्या पडद्यावरच्या गड्यांच्या वतीने बोललेले आहे. त्याच दिग्दर्शकाचा धारावीवरचा 'काला' जून २०१८ मध्ये आला, त्यात समोर जमीन गिळू पाहणाऱ्या पुढाऱ्याच्या भूमिकेत नाना पाटेकर. आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात '२.०'. एका वर्षात एकाच तोंडातून जमिनीचा हक्क मागणारा माणूसही बोलला आणि मोडीतून काढलेले यंत्रही बोलले. त्यांतले माणसाचे बोलणे लिहिणारा दिग्दर्शक स्वतः दलित आहे, हा योगायोग नव्हे.

इथवर परक्यांना बोलणे सोपे होते. आता आपल्याकडे वळतो. आपल्या चळवळीलाही टाळीची वाक्ये आहेत, आणि ती कोणा कंपनीने पढवलेली नाहीत. १९४२ साली नागपूरच्या परिषदेत बाबासाहेबांनी शिकण्याचा, चेतवण्याचा आणि संघटित होण्याचा जो उपदेश केला, तो आज प्रत्येक फलकावर, प्रत्येक मोटारीच्या काचेवर आहे. मराठीत येताना त्याचा क्रमही बदलला, आणि तो का बदलला याची चर्चा फलक रंगवणारा करीत नाही, भाषण करणाराही करीत नाही. ते वाक्य जेव्हा प्रथम उच्चारले गेले तेव्हा ते डफडे काढून घेण्यासारखे वाक्य होते. आज ते कलेक्टर कचेरीच्या भिंतीवर आहे आणि कोणाला त्याचा त्रास होत नाही. हे वाक्याचे यश की वाक्याचे खोलले जाणे, यावर माझे मत अजून पक्के होत नाही. मित्र म्हणतो, घोषणा ही घोषणाच असते, गर्दीला एकत्र आणण्यापुरती; तिच्यात विचार शोधू नये. मला ते पटत नाही. विचार करण्यासाठी दिलेले वाक्य विचार न करता म्हणता येते, ही गोष्ट मला कोणत्याही सिनेमातल्या यंत्रापेक्षा जास्त भिववते.

गेल्या एप्रिलमध्ये मी जयंतीच्या वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक होतो. अकरा मुले बोलली. दहांनी तीच वाक्ये, त्याच चढउतारांनी, मूठ त्याच शब्दाला वर नेत म्हटली. उच्चार स्वच्छ, वेळ बरोबर. अकरावी मुलगी मध्येच अडखळली, पाठ केलेले विसरली. क्षणभर खाली पाहून तिने शिष्यवृत्तीचा आपला अर्ज तीनदा कसा परत आला, कोणत्या कागदासाठी आला, बापाची मजुरी त्या खेट्यांत किती दिवस बुडाली, हे दिवस मोजून सांगितले. वराडीत सांगितले. घंटा झाली तेव्हा ती अर्ध्यावर होती आणि तशीच खाली उतरली. गुणपत्रिकेत पाठांतर, उच्चार, हावभाव आणि वेळेचे भान असे चार रकाने होते. तिला क्रमांक मिळाला नाही. गुण देणाऱ्या तिघांत मी होतो.